डिझेल फिल्टर दर सर्व्हिसिंगला बदलावाच लागतो का? घरी बदलता येतो का?

तुमची 2014 ची डिझेल स्विफ्ट, गॅरेजवाला म्हणतोय डिझेल फिल्टर बदला आणि तुम्हाला वाटतंय बिल फुगवायचा धंदा आहे, वर पुण्याहून येताना खंबाटकीला गाडी ओढत नाही असंही लिहिलंय. मी साताऱ्यातच राहतो, माझ्याकडं पण जुनी डिझेल गाडी आहे, म्हणून सांगतो.

दर सर्व्हिसिंगला नाही लागत. दरवेळी बदलतात ते इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर. डिझेल फिल्टर बहुतेक गाड्यांना 20 ते 40 हजार किमीच्या मधे कुठंतरी येतो, तुमचा नक्की आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात मेंटेनन्सच्या तक्त्यात आहे. आधी जुनी बिलं काढा आणि शेवटचा कधी बदललाय ते बघा. सेकंडहँड घेतली असेल आणि बिलच नसेल तर सरळ बदलून टाका, वाद घालत बसू नका. कारण फिल्टर हजार-दोन हजाराच्या घरातला आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेलचा फवारा मारतात ते) खराब झाले तर एकेकाला त्याच्या कितीतरी पट, आणि ते असतात चार.

आता एवढं काय त्या फिल्टरचं, तर कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तसल्या (तुमची स्विफ्ट त्यातलीच), डिझेल हजार बारच्या वर दाबानं इंजेक्टरला जातं, टायरात हवा असते 2 बारच्या आसपास म्हणजे बघा, आणि इंजेक्टरची भोकं साधारण 0.1 मिमीची. कचरा अडकतो हे सगळ्यांना माहीत असतं पण खरा वैरी पाणी आहे. हा दाब तयार करणारा हाय प्रेशर पंप बऱ्याच गाड्यांत वेगळं ऑइल न घेता डिझेलवरच वंगण घेतो, त्यात पाणी गेलं की पंप घासायला लागतो, गंजतो, आणि तो चुरा पुढं इंजेक्टरात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून फिल्टरच्या तळाला साठतं, खाली ते सोडायला स्क्रू असतो. बऱ्याच गाड्यांना तिथं सेन्सर पण असतो, डॅशबोर्डला दिवा लागतो, तो लागला तर किलोमीटर बघत बसायचं नाही, त्याच दिवशी पाणी काढायचं.

आणि आपल्याकडं पावसाळा कसला असतो ते तुम्हाला सांगायला नको. टाकी कायम रिझर्व्हला ठेवून फिरवायची सवय असेल तर मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी धरतं. दुसरं म्हणजे ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टरसाठी शेतावर बॅरल भरून ठेवलेला असतो आणि अडीनडीला त्यातलंच पाच लिटर कारमधे, हे लय जण करतात, ट्रॅक्टर खपवून घेईल पण कॉमन रेल नाही.

त्यामुळं गॅरेजवाला खरं बोलतोय का हे बघायचा माझा एकच उपाय आहे. त्याला सांगा जुना फिल्टर माझ्यासमोर काढ आणि त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओत. दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. खाली पाण्याचा वेगळा थर, काळा गाळ किंवा गंजाची भुकटी दिसली तर फिल्टर बदलायलाच हवा होता, आणि जिथं डिझेल भरता तो पेट्रोल पंप पण बदला. स्वच्छ दिसलं तर पुढच्या वेळी पुस्तकातल्या आकड्यावर जायला हरकत नाही.

घाटातलं म्हणाल तर फिल्टर चोक झाला की असंच होतं, गावात गाडी मस्त चालते कारण डिझेल कमी लागतं, चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुरत नाही आणि मग धक्के किंवा चेक इंजिनचा दिवा. पण एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), यानं पण हेच होतं, म्हणून फिल्टर बदलून फरक पडला नाही तर स्कॅनर लावून घ्या.

घरी बदलता येतो, पण मी पहिल्यांदा तरी बदला म्हणणार नाही. काढायला घालायला काही नाही, जुन्या गाडीत पाइपच्या प्लास्टिक क्लिपा तेवढ्या कडक होऊन तुटतात. खरा त्रास फिल्टर बदलताना डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा काढायचा. बोलेरो, इनोव्हासारख्या गाड्यांना हातानं दाबायचा प्रायमर असतो, तो कडक होईपर्यंत दाबायचा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून थोडं थांबायचं, बंद, परत ऑन, असं चार-पाचदा. नुसता स्टार्टर मारत बसलात तर बॅटरी बसेल आणि पंप कोरडा फिरेल. नवीन फिल्टर डिझेलनं भरताना बाहेर जायच्या बाजूनं ओतू नका, ते न गाळलेलं थेट पंपात जातं. आणि इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपला पाना लावायचा नाही म्हणजे नाही, ती धार कातडीतून आत जाते.

बाकी पेट्रोल गाडीवाल्यांनी हे वाचून घाबरू नका, हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीत पंपाबरोबरच असतो आणि तो सर्व्हिसिंगला हलवतही नाहीत.

बदलून आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून फिल्टरला हात लावून बघा, ओला लागला किंवा स्टार्टला वेळ लागला तर कुठंतरी ओ-रिंग (सांध्यातली रबरी रिंग) नीट बसली नाही आणि हवा ओढतीय. तशीच त्याच्याकडं परत न्या, आणि त्याचे वेगळे पैसे देऊ नका.