सर्कलवर आधी कोणी जायचं? नाशकात नव्याने कार शिकताना

तुम्ही विचारलंय की सिग्नल नसलेल्या सर्कलवर आधी कोणी जायचं, शेजारी बसलेले वडील "घाल, घाल" म्हणतात तेव्हा खरंच घालायची का, आणि लर्निंग लायसन्सवर गाडी कुठवर न्यावी. मी पंचवटीत गाडी शिकवतो. हे प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतात, आणि सर्कलचा सगळ्यात आधी येतो.

2017 च्या ड्रायव्हिंग नियमांप्रमाणे सर्कलमध्ये आधीपासून फिरत असलेल्या गाडीचा हक्क पहिला. आत शिरणाऱ्याने थांबायचं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे सर्कलमधली गाडी तुमच्याकडे उजवीकडूनच येणार. म्हणून सर्कल जवळ आलं की सेकंड गिअर, पाय ब्रेकवर आणि नजर उजवीकडे. जागा मिळाली की निघायचं, आणि एकदा आत गेलात की उगाच थांबायचं नाही. कोणाला तरी जाऊ द्यावं म्हणून नवशिके सर्कलच्या मधोमध ब्रेक दाबतात. मागच्या रिक्षावाल्याला ते स्वप्नातही अपेक्षित नसतं. तो चांगुलपणा बाहेर, शिरण्याआधी दाखवा. बाहेर पडण्याच्या जरा आधी डावा इंडिकेटर द्या आणि डावा आरसा बघा, कारण नेमकी त्याच फटीतून एखादी स्कूटी पुढे काढलेली असते. सातपूरला शिफ्ट सुटायच्या वेळी एबीबी सर्कलवर हे रोज बघायला मिळतं.

साध्या चौकात सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येताय तर मोठ्या रस्त्यावरच्यांना. झेब्रा क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याला. अँब्युलन्स आणि फायर ब्रिगेडला सगळ्यांनीच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कागदावर, नाशिकच्या द्वारका चौकात कोण पाळतं? खरंय. पण समोरच्याने नियम मोडला म्हणून तुम्हालाही घुसायचा परवाना मिळत नाही, फक्त जास्त बघावं लागतं. माझी एक सवय सांगतो: समोरच्या गाडीच्या इंडिकेटरवर जाऊ नका, तिचं पुढचं चाक बघा. इंडिकेटर कालपासून चालू राहिलेला असू शकतो. चाक वळायला लागलं की गाडी वळणारच.

वडिलांचं म्हणाल तर त्यांचा उद्देश चांगलाच असतो. त्यांची पंधरा-वीस वर्षं गाडी चालवलेली नजर जी फट बघते, ती तुमच्या पायाला अजून जमणारी नसते, एवढाच घोळ. "घाल" ऐकून घाईत क्लच सोडला जातो, गाडी चौकात बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात आणि मग घरी जाऊन दोघांचं भांडण. त्यांना सांगा, गाडीत असताना तीनच शब्द बोला: थांब, हळू, आरसा. निघायचं कधी हे स्टिअरिंगवरच्यानेच ठरवायचं. आणि त्यांनी मोबाईल खिशात ठेवायचा. लर्निंगवर चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस लागतो, तोही वेळ पडल्यास गाडी थांबवू शकेल असा बसलेला. कायद्याच्या भाषेत तो तुमचा इन्स्ट्रक्टर असतो, सोबतीला आलेला पाहुणा नव्हे. हँडब्रेकजवळ हात हवा.

पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा. पाटी 18 सेंटिमीटर चौरस असते. पुष्कळ जणांना ती लावायची लाज वाटते. मला विचाराल तर पक्कं लायसन्स आल्यावरही महिनाभर राहू द्या, लोक जरा अंतर ठेवून चालतात.

कुठवर न्यावी? पहिले काही दिवस सकाळी सहा-साडेसहाला गंगापूर रोड, मग हळूहळू गर्दीच्या वेळा. मुंबई-आग्रा हायवेच्या उड्डाणपुलाची घाई करू नका. आणि पुलाखालचा सर्व्हिस रोड सोपा वाटतो म्हणून तिथे शिकायला जाऊ नका, राँग साइडने येणाऱ्या टू-व्हीलर तिथे इतक्या असतात की नवा माणूस गांगरतो. पुलावर वर चढताना मुख्य लेनमधल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं, आरशात बघून आणि मान किंचित मागे वळवून. आरशात न दिसणारा एक कोपरा प्रत्येक गाडीला असतो आणि बाईकवाला नेमका तिथेच सापडतो.

अंतराचा हिशोब एकदा करून बघा. ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. ब्रेक दाबायचा हे डोक्यात येऊन पाय हलेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापासून गेली की मनात तीन सेकंद मोजा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर फार चिकटलाय. पावसात याहून जास्त.

रात्री शहराबाहेर अजिबात नको. पिंपळगाव-लासलगावकडे कांद्याच्या ट्रॉल्या मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा चालतात, आणि समोरून कोणी अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारला की त्या दिसतच नाहीत. कसाऱ्याचा घाट तर पक्कं लायसन्स आल्यावरच. घाटात जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचे ब्रेक तापून ऐन वेळी पकडत नाहीत. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हेही लक्षात असू द्या.

सीटबेल्ट मागे बसणाऱ्यांनाही लागतो, आणि दारूचं बोलायलाच नको.

लर्निंग सहा महिने चालतं. ते मिळाल्यापासून 30 दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही, पण 31 व्या दिवशीच दिली पाहिजे असंही नाही. पेठ रोडच्या आरटीओत जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: रिव्हर्स, आणि चढावर थांबवून गाडी मागे न सरकवता पुढे काढणं. चढाच्या सरावाला जुनं नाशिक उत्तम, फक्त बाजाराची वेळ सोडून जा. हँडब्रेक ओढा, क्लच सोडत हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट वर, आणा, गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडा. हे सलग दहादा जमलं की टेस्टची तारीख घ्या.