लॉ रिव्ह्यूत, म्हणजे कायद्याच्या महाविद्यालयाच्या नियतकालिकात, प्राध्यापकांचे लेख खरंच विद्यार्थी तपासतात का?

हो, तपासतात. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ पासून विद्यार्थीच चालवतात. नामांकित प्राध्यापकाचा लेख छापायचा की साभार परत करायचा, हेही तेच ठरवतात. ऐकायला भारी वाटतं, पण नव्या संपादकाच्या वाट्याला येतात तळटीपा. मूळ निकालपत्र काढा, पान उघडा, अवतरण शब्दन्‌शब्द ताडून पाहा, स्वल्पविराम चुकून तिरप्या अक्षरात गेलाय का तेही बघा. किचकट काम, पण वकिली लिखाणाची खरी तालीम इथेच होते, असं माझं मत. वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा १८९० चा लेख याच नियतकालिकातला. खासगीपणाला मूलभूत हक्क मानणाऱ्या, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातही त्याचा उल्लेख आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचं नियतकालिकही विद्यार्थीच संपादित करतात.