टीममध्ये नंबर लागत नाही, मग खेळायचं कशाला?

हा प्रश्न मुलांबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारे पालक सारखा विचारतात. मूल चॅम्पियन होण्यातलं असेल तर सगळे समजून घेतात, पण साधारण खेळणारं असेल तर घरात कुणाला ना कुणाला वाटतंच की हा वेळ वाया चाललाय. म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा 15 वर्षांचा. वडील घेऊन आले होते, तक्रार अशी की चिडचिड करतो, पुस्तक उघडून नुसता बसतो, रात्री कितीही वाजले तरी जागाच. बोलता बोलता सहज म्हणाले की चार महिन्यांपूर्वी त्याचं व्हॉलीबॉल बंद केलंय. "मॅडम, टीममध्ये होता पण बाकावरच बसायचा, कधीतरी शेवटी पाच मिनिटं उतरवायचे. रोजचा दीड तास जायचा त्यात. म्हटलं तोच वेळ अभ्यासाला मिळेल." यात मला कुठे दुष्टपणा दिसला नाही, मुलाची काळजी होती आणि हिशोब सरळ होता, की इथून काढलेला दीड तास तिकडे जाईल.

तो गेला का, एवढंच आधी बघायचं ठरवलं. मुलाला सांगितलं की दोन आठवडे जे होतंय तेच लिही, चांगलं दिसावं म्हणून काही लिहू नकोस, आणि वडिलांना सांगितलं की त्यावरून त्याला काहीही बोलायचं नाही. वही आली तेव्हा दिसलं की त्या दीड तासातला बराचसा वेळ फोनवर जात होता, थोडा नुसतं पडून राहण्यात, आणि झोप रात्री एकच्या पुढे सरकली होती. या वयात 8 ते 10 तास झोप लागते, याला साडेपाच-सहाच मिळत होती. खेळ बंद केल्याने वेळ मोकळा झाला हे खरं, पण संध्याकाळी शरीर दमत नव्हतं, मित्र भेटत नव्हते, आणि दिवसभराचं साचलेलं बाहेर पडायला जागाच राहिली नव्हती, मग अभ्यास कुठून होणार.

नंतर मुलाशी एकट्याशी बोलले. तुला तिथे काय आवडायचं विचारलं तर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तिथे चुकलं तरी लगेच पुढची सर्व्हिस येते. कोणी धरून बसत नाही."

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक रॅलीला कुणाला तरी पॉइंट मिळतोच, सेट साधारण 25 ला संपतो. म्हणजे 25-23 ने सेट जिंकणारी टीमसुद्धा 23 वेळा पॉइंट गमावून बसलेली असते. जिंकणाऱ्यालाही इतक्या वेळा हरावं लागतं, आणि दर वेळी काही सेकंदात पुन्हा उभं राहावं लागतं. या मुलाच्या बाकीच्या आयुष्यात असं कुठे होतं? परीक्षेतल्या एका चुकीची चर्चा घरात महिनाभर चालायची. छोट्या चुका भरपूर करायला मिळणं, त्या सगळ्यांसमोर होणं आणि तरी आपली जागा टिकून राहणं ही मुलांची मोठी गरज आहे, आणि ती भागायला बाकावरच्या मुलालाही खेळ लागतो. सामन्यात पाच मिनिटं मिळत असतील, सरावात तो रोज सगळ्यांसोबत खेळतच होता ना. वडील फक्त सामना बघत होते.

शरीराचं तर सांगायलाच नको. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, आणि जगभरातल्या 11 ते 17 वयाच्या मुलांपैकी साधारण 80 टक्के मुलं तेवढी करत नाहीत. म्हणजे ज्या घरात मूल स्वतःहून रोज दीड तास पळतंय तिथे काळजीचं अर्धं काम झालेलं असतं, आणि आपण नेमकं तेच काढून घेतो.

पुढच्या वेळी वडिलांनी वेगळाच मुद्दा काढला. म्हणाले, एकट्याचं राहू द्या, समाजाला तरी खेळाचा काय फायदा, लोक मॅचवरून मारामाऱ्या करतात, स्टेडियमवर पाण्यासारखा पैसा जातो. त्यांचं चूक नव्हतं. 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये युरोपियन कप फुटबॉलच्या फायनलच्या आधी प्रेक्षकांची झुंड चालून गेली, भिंत कोसळली आणि 39 माणसं गेली. 1976 च्या ऑलिम्पिकचं कर्ज मॉन्ट्रियल शहर 2006 पर्यंत फेडत होतं. हे नाकारून खेळाची बाजू घ्यायची मला गरज वाटत नाही. पण ही उदाहरणं खेळ बघण्याची, त्याच्या भव्य सोहळ्यांची आहेत. समाजाला खरा फायदा होतो तो साधी माणसं स्वतः खेळतात तेव्हा. अमेरिकेत 1972 ला शिक्षणात मुलगे-मुली भेद करायचा नाही असा कायदा झाला, तो शाळेतल्या खेळालाही लागू होता. त्याआधी हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखसुद्धा नव्हत्या, आता तीस लाखांच्या वर आहेत. त्यातल्या बहुतेकींनी मेडल सोडा, शाळेबाहेर नावही कमावलं नसेल. पण इतक्या मुलींना आपलं शरीर ताकदीचं आहे हे वापरून कळलं, ही मला कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

आणि जे टोकाला पोचतात त्यांचं तरी मेडलने सगळं भागतं का? नेमबाज अभिनव बिंद्राने 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये गोल्ड जिंकलं, नंतर आलेल्या रिकामपणाबद्दल तो स्वतः मोकळेपणाने बोललाय.

हे सगळं ऐकून वडील तयार झाले, उद्यापासून परत टीममध्ये पाठवतो म्हणाले. आणि मुलगा म्हणाला, "बाबा, मला त्या टीममध्ये नाही जायचं."

मग कळलं की तिथले कोच बाकावरच्या मुलांना सगळ्यांसमोर टाकून बोलायचे, पाणी आणायला पाठवायचे. त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर खेळच बंद होईल ही भीती. खेळ आवडत होता, अपमान नको होता, आणि दोन्ही एकाच ठिकाणी मिळत होतं. खेळाने मूल घडतं असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी हेच सांगत असते की खेळ मुलाला मोडूही शकतो, कोण शिकवतंय आणि कसं शिकवतंय यावर सगळं आहे. सतत घालून पाडून बोलणं, दुखत असताना खेळवणं, हरल्यावर घरी येईपर्यंत गाडीत लेक्चर, याने मुलं खेळ सोडतात आणि स्वतःबद्दलचं मतही खराब करून घेतात.

शेवटी निवड चाचणी नसलेला, सगळ्या वयाची माणसं खेळतात असा एक ग्रुप मुलानेच शोधला. आठवड्यातून चार दिवस, रात्री फोन बाहेरच्या खोलीत, आणि मॅचबद्दल वडिलांनी फक्त "मजा आली का" एवढंच विचारायचं. शेवटची अट वडिलांना सगळ्यात जड गेली, पण पाळली त्यांनी. झोप आधी सुधारली, चिडचिड त्यानंतर कमी झाली. मार्क थोडे वाढले, पण त्याचं श्रेय मी खेळाला देणार नाही, झोपेला आणि घरातली रोजची भांडणं थांबली त्याला जास्त देईन. मार्क वाढावेत म्हणून मुलाला खेळायला पाठवू नका, त्याला ते लगेच कळतं आणि खेळही एक ट्यूशन होऊन बसतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, मूल दोन आठवड्यांच्या वर सतत उदास असेल, आवडत्या गोष्टीही नको म्हणत असेल, किंवा मरणाची भाषा करत असेल तर "खेळायला जा, बरं वाटेल" म्हणून थांबू नका, तज्ज्ञाला दाखवा. आणि उलट टोकाला, खेळाचं वेड असलेल्या घरांसाठी, आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत असा सल्ला दिला जातो, 12 वर्षांचं मूल तर 12 तास, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी.

मध्यंतरी वडिलांचा फोन आला होता, परीक्षेच्या महिन्यात बंद करू का म्हणून. मी म्हटलं कमी करा, चाराचे दोन दिवस करा, पण पूर्ण बंद करू नका, आणि कुठले दोन दिवस ते त्यालाच ठरवू द्या.