तिसऱ्यांदा शोधताना

“दोन थेरपिस्ट झाले, आता तिसरा शोधायचा. म्हणजे खोट माझ्यातच आहे का?” पडद्यावर समोर आलेल्या त्या बाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच विचारले. ऑनलाइन समुपदेशन घेऊन पाहिलेले अनेक जण माझ्याकडे हीच शंका घेऊन येतात, म्हणून त्यांच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून हा अनुभव लिहीत आहे.

घराबाहेर पडताना गॅसचे बटण बंद आहे ना, हे त्या वीस-वीस वेळा तपासत. आधीच्या दोघांविषयी त्यांची तक्रार नव्हती. दोघेही मन लावून ऐकत, “गॅस बंदच असतो, काळजी करू नका” असा धीर देत, आणि सत्र संपून तास होतो न होतो तोच शंका पुन्हा डोके वर काढी. ओसीडीमध्ये, म्हणजे एकच शंका पुन्हा पुन्हा छळणाऱ्या मंत्रचळात, असा धीर घटकाभर बरा वाटतो; पण प्रत्येक वेळी मिळालेला दिलासा ‘विचारून खात्री करून घे’ ही सवयच पक्की करतो. या त्रासावरचा उपचार वेगळा आहे: शंका येऊ द्यायची, अस्वस्थता सोसायची आणि तपासायला जायचे नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली या धर्तीचे उपचार मांडले, आणि आज या उपचारांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले थेरपिस्ट असतात. मी तसे घेतलेले नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली उपचारातील नात्याचे तीन धागे सांगितले: ध्येयाविषयी एकमत, करायच्या कामाविषयी एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. या बाईंना जिव्हाळा दोन्हीकडे मिळाला होता, कामाविषयी मात्र कोणी बोललेच नव्हते. म्हणून उरलेल्या वेळात आम्ही नव्या थेरपिस्टला विचारायचे प्रश्न लिहून काढले. अशा त्रासाच्या किती जणांबरोबर आपण काम केले आहे? पहिल्या महिन्यात नेमके काय करायचे? फरक पडतो आहे, हे कशावरून ओळखायचे? आणखी एक गोष्ट मी त्यांना पाहायला सांगितली. आपण कुठून बोलत आहात आणि अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे, हे जो ऑनलाइन थेरपिस्ट सुरुवातीलाच विचारत नाही, त्याच्यावर माझा भरवसा बसत नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तातडीने प्रत्यक्ष मदतच घ्यावी लागते.

“पण ऑनलाइनवर हे जमेल?” त्यांनी विचारले. मला वाटते, त्यांच्याबाबतीत ते अधिकच जमण्यासारखे होते, कारण ज्या शेगडीची भीती होती ती त्यांच्या घरातच होती.

दीड महिन्याने त्यांचा निरोप आला. नव्या थेरपिस्टने फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभे राहायला सांगितले होते. त्यांनी बटण एकदाच बंद केले, दाराला कुलूप लावले आणि फोन चालू ठेवून जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. पंचवीस मिनिटे हात थरथरत होते, पण त्या कुलूप उघडायला उठल्या नाहीत.