वाचकांचे प्रश्न : क्लाइंबिंग वॉलवरची सुरुवात

प्रश्न : मी एकेचाळीस वर्षांची असून दिवसभर संगणकासमोर बसून काम करते. सहकाऱ्यांसोबत क्लाइंबिंग वॉलवर (चढाईच्या सरावासाठी उभारलेल्या कृत्रिम भिंतीवर) गेले आणि ते मनापासून आवडले; परंतु निम्म्या उंचीवरच हात असे भरून आले की बोटे मिटेनात. मला एकही पुल-अप काढता येत नाही. आधी काही महिने व्यायामशाळेत जाऊन ताकद कमवावी आणि मग भिंतीकडे वळावे का?
– एक वाचक, औंध

उत्तर : वाट पाहू नये, याच आठवड्यात पुन्हा भिंतीवर जावे. आपले हात भरून आले, कारण पायांचे काम त्यांना करावे लागले. होल्ड (हातापायांच्या आधारासाठी भिंतीवर बसवलेला उंचवटा) गरजेपेक्षा घट्ट आवळून धरला की कोपरापुढचे स्नायू सतत आकसलेले राहतात, त्यांच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही मिनिटांतच पकड सुटू लागते. उत्तम पुल-अप काढणारे तरुणही पहिल्या दिवशी याच कारणाने निम्म्यावरून खाली येतात, हे मी वारंवार पाहिले आहे. शरीराचे वजन पेलण्यासाठी मांड्या आहेत. जिना चढताना आपण कठड्याला लोंबकळत नाही, तसेच हेही आहे.

म्हणून पहिले काही आठवडे सगळे लक्ष पायांवर द्यावे. नवशिक्याची नजर सदैव वर, पुढच्या होल्डच्या शोधात असते आणि पाय खाली चाचपडत राहतो. पाय होल्डवर नेमका टेकेपर्यंत त्याच्याकडेच पाहत राहावे. तळव्याचा मधला भाग न ठेवता अंगठ्याकडचे टोक टेकवावे, म्हणजे टाच मोकळी राहते आणि त्याच टोकावर पाऊल वळवता येते. एकदा ठेवलेला पाय पुन्हा सरकवू नये. कंबर भिंतीलगत ठेवावी आणि थांबताना हात कोपरात न वाकवता सरळ ठेवून हाडांवर भार घ्यावा. पाय टेकताना बुटाचा आवाज होऊ न देता सर्वांत सोपी वाट चढून पाहावी. या एकाच सरावाने पुष्कळ फरक पडतो.

दुसरी गोष्ट बोटांची, आणि ती मी आग्रहाने सांगतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. परंतु बोटांतील स्नायुबंध आणि ते हाडालगत धरून ठेवणारे पट्टे यांना तेवढ्यासाठी कित्येक महिने, काही वेळा वर्षाहूनही अधिक काळ लागतो. तीन-चार महिन्यांनी हुरूप वाढतो, स्नायू साथ देतात, अवघड वाटा खुणावू लागतात आणि नेमक्या त्याच सुमारास अनामिकेच्या मुळाशी दुखापत होते. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस चढावे आणि दोन सत्रांमध्ये निदान एक पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी. अगदी बारीक कडांना बोटे मुडपून, वर अंगठा दाबून लटकणे टाळावे.

दोराच्या भिंतीवर जाताना आठाची गाठ (इंग्रजी 8 च्या आकाराची, दोर अंगाला बांधण्याची गाठ) आणि बिले देणे (खाली उभे राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणे) या दोन्ही गोष्टी प्रशिक्षकाकडून शिकून घ्याव्यात. गाठ हार्नेसच्या (कमरेला व मांड्यांना बांधायच्या पट्ट्याच्या) वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पट्ट्यांतून ओवलेली असावी. ती आवळल्यावर दोराच्या जोड्या शेजारीशेजारी, एकमेकींना न ओलांडता बसलेल्या दिसाव्यात आणि उरलेले टोक वीतभर असावे. बिले देणाऱ्याचा ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. प्रत्येक चढाईपूर्वी दोघांनी एकमेकांचे बक्कल, गाठ, बिलेचे उपकरण आणि कॅराबिनरचे (दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचे) लॉक हात लावून तपासावे. जुने जाणते लोक घाईत हीच तपासणी गाळतात. आपण ती कधीही गाळू नये. बोल्डरिंगमध्ये, म्हणजे कमी उंचीच्या भिंतीवरच्या चढाईत, दोर नसतो, खाली जाड गाद्या असतात. तेथे जमेल तेवढे उतरूनच खाली यावे आणि पडल्यास दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून पाठीकडे लोळावे. हात मागे टेकल्याने मनगट किंवा कोपर दुखावते.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा आठवड्यातून पाच दिवस वॉलवर जातो. ऑलिम्पिकमधील चढाई पाहिल्यापासून घरी दाराच्या चौकटीवर फिंगरबोर्ड (बोटांनी लटकून सराव करण्याची फळी) बसवण्याचा हट्ट धरून आहे. हल्ली मधले बोट दुखते असेही म्हणतो.
– एक पालक, चिंचवड

उत्तर : फिंगरबोर्ड आणू नये आणि बोटाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो. वारंवार ताण आल्यास बोटाच्या मधल्या सांध्याशी त्या थराला इजा होऊ शकते, आणि ती अंगावर काढली तर बोट कायमचे वाकडे राहण्याचा धोका असतो. सांध्याच्या वरच्या बाजूला दाबून दुखत असेल किंवा सूज असेल, तर चढणे तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. टोकियो येथे 2021 मध्ये झालेल्या स्पर्धांपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला आणि मुलांचा ओढा वाढला, ही आनंदाचीच बाब आहे. मात्र या वयात मोठ्या होल्डवर, निरनिराळ्या कोनांच्या भिंतींवर, पायांचे कौशल्य वाढवत चढणेच हिताचे आहे. बोट बरे झाल्यावरही पाचऐवजी तीन दिवस पुरेत.

प्रश्न : बूट लगेच विकत घ्यावेत का, आणि ते किती घट्ट असावेत?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सुरुवातीला भाड्याचे बूट चालतात. नियमित जाऊ लागल्यावर सपाट तळव्याचे, बोटांभोवती पोकळी न राहणारे, पण वेदना न देणारे बूट घ्यावेत. दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नखे आधी कापावीत.

प्रश्न : पावसाळ्यात वॉलवर सराव करून दिवाळीनंतर सह्याद्रीतील तैलबैल्याच्या उभ्या कातळभिंतीवर चढाई करण्याचा आम्हा तिघा मित्रांचा विचार आहे. एवढी तयारी पुरेल का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : पावसाळा वॉलवर घालवण्याचा विचार उत्तम आहे, कारण ओल्या, शेवाळलेल्या कातळावर जाणे धोक्याचे असते. परंतु ही तयारी तैलबैल्याला पुरणार नाही. वॉलवर होल्ड बोल्टने आवळलेला असतो आणि दोर अडकवायची जागा आधीच पक्की केलेली असते. सह्याद्रीचा बसाल्ट थराथरांचा आहे. हातात आलेला धोंडा निखळून खालच्या माणसावर पडू शकतो. तेथे हेल्मेट लागते, कातळात ठोकलेली मेख पारखता यावी लागते, दोरावरून रॅपलिंग करत सुखरूप उतरता यावे लागते. यांपैकी काहीही वॉलवर आपोआप येत नाही. गिरिप्रेमीसारख्या पुण्यातील जुन्या गिर्यारोहण संस्थांकडे चौकशी करून प्रस्तरारोहणाचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे, हिवाळ्यात जाणकारांसोबत लहान कातळांवर टॉप-रोपने (वरून बांधलेल्या दोराच्या आधाराने) चढावे आणि तैलबैल्याला पहिल्यांदा जाल तेव्हा आघाडीवर अनुभवी आरोहक असावा. तिघांनीच जाण्याचा बेत यंदापुरता रद्द करावा.