लेक रात्रभर ‘फुकटचं’ काम करते

प्रश्न : अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन महिने झाले, रात्री दोन-दोनपर्यंत जागून कुठल्याशा ओपन सोर्स लायब्ररीवर, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या तयार कोडवर, काम करते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती येण्याआधी ती लायब्ररी तिच्यावर चालेल अशी करायची म्हणते. मिळकत शून्य. जुलैनंतर कॅम्पसला कंपन्या येतील. हे बंद करायला सांगू का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. काम बंद करायला सांगू नका, वेळापत्रक बदलायला सांगा.

कारखान्यात नवा माग आणायचा म्हटलं की सुताचे जुने बीम त्यावर बसतील का, कारागिराला तो जमेल का, हे तुम्ही आधीच बघता. माग आल्यावर बघत बसलात तर ऑर्डर गेलीच. लेकीचं कामही तसंच आहे. पायथॉनची नवी आवृत्ती हल्ली दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते, आणि तिच्यातून काही जुने भाग काढून टाकलेले असतात. २०२३ च्या ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’ गेलं. लायब्ररी संगणकावर बसवायचं काम कितीतरी जुन्या प्रकल्पांत त्याच्यावरच चालायचं. इशारा २०२१ पासून मिळत होता. ज्यांनी तो वाचला नाही, त्यांच्या लायब्रऱ्या नव्या आवृत्तीवर बसेनात. एक अडली की तिच्यावर टेकलेल्या चार अडतात.

याहून मोठी फरफट आधी झाली होती. पायथॉन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. त्यात मजकूर मुळातच युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या एकाच पद्धतीचा, झाला. आपल्या देवनागरीची सोय झाली, पण जुना कोड जागोजागी मोडला. पायथॉन २ बंद करायची मुदत २०१५ ची होती, ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. लोक हलतच नव्हते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची लायब्ररी तयार व्हायची वाट बघत होता.

आता नोकरीचं. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणाऱ्या पोरांना वाटतं, कंपनीत गेल्या गेल्या कोऱ्या पाटीवर नवं काही बनवायला मिळेल. बहुतेकांच्या वाट्याला येतो दुसऱ्यानं लिहिलेला जुना कोड, तोही चालता ठेवायला. तुमची मुलगी नेमकं तेच शिकतेय, आणि कॉलेजात ते फारसं कुणी शिकवत नाही.

मात्र ती खरंच शिकतेय का, हे तपासा. तिला एकच विचारा : कोड नीट चालतो का हे बघणारी कुठली चाचणी नापास झाली, का झाली, आणि तू काय बदललंस? तुम्हाला समजेल असं ती सांगू शकली, तर मुलाखतीतही सांगेल. फाईलमध्ये आवृत्तीचा आकडा वाढवून ‘योगदान’ म्हणणारी मुलंही मी बघतो. एआयकडून कोड लिहून घेऊन तो न वाचताच पाठवणारी त्याहून वाईट. लायब्ररी सांभाळणाऱ्यांना त्यांचा वैताग येतो. तिचा बदल स्वीकारला गेला असेल, त्यावर दोन-चार प्रश्नोत्तरं झाली असतील, तर त्या बदलाचं ऑनलाइन पान बायोडेटात जायलाच हवं.

वेळापत्रक का बदलायचं? मे महिन्यात बीटा, म्हणजे चाचणीसाठीचं रूप, येईपर्यंत नव्या आवृत्तीत भर पडत राहते, त्यामुळे आज रात्र जागून जुळवलेलं उद्या पुन्हा उसवावं लागू शकतं. सध्याच्या आवृत्तीत जे इशारे येतात, ते चुका समजून चाचण्या चालवायच्या आणि एकेक निस्तरायचा, एवढंच तिनं आता करावं. आठवड्याला पाच-सहा तास पुरतात. परीक्षा संपल्या की बीटावर जोर लावावा. ऑगस्टमध्ये जवळजवळ अंतिम रूप येतं, पण जुलैपासून ॲप्टिट्यूडची, म्हणजे कंपन्यांच्या गणित-तर्काच्या परीक्षेची, तयारी आधी. पहिल्या चाळणीत ओपन सोर्सला कुणी विचारत नाही, हे मला आवडत नसलं तरी खरं आहे.

पैशांचं म्हणाल, तर ‘गूगल समर ऑफ कोड’ २००५ पासून चालू आहे. अठरा पूर्ण झालेल्या नवख्यांना त्यात अशाच कामाचं मानधन मिळतं. निवड कडक असते. पुढच्या वर्षी अर्ज करून बघायला हरकत नाही.

आणि रात्री दोनपर्यंत जागायचं कारण ती ‘तिकडे परदेशात दिवस असतो’ असं सांगत असेल, तर ऐकू नका. हे काम फोनसारखं नाही, पत्रासारखं चालतं. रात्री विचारलेल्याचं उत्तर सकाळी पोह्यांबरोबर वाचलं तरी चालतं. अकराला लॅपटॉप बंद, एवढं खुशाल बजावा.