वाचक विचारतात : आयर्लंडमधले कौन्सिलचे घर

लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर पडणारी आपली गोव्याची मुले पूर्वी इंग्लंडची वाट धरत. ब्रेक्झिटनंतर बरीच आयर्लंडकडे वळली. तिथल्या घरांविषयीची पत्रे त्यामुळे वाढली आहेत. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

मुलगा डब्लिनला गोदामात कामाला आहे, एकटाच. निम्मा पगार भाड्यात जातो. सरकारी घरासाठी अर्ज कुठे करायचा आणि किती वर्षे थांबावे लागेल? (साखळी)

सगळ्या देशाची मिळून एक यादी तिथे नाही. ३१ स्थानिक कौन्सिले (आपल्या पालिकांसारख्या संस्था) आहेत आणि प्रत्येकाची यादी वेगळी. ‘डब्लिन’ म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यातच चार कौन्सिले येतात : डब्लिन सिटी, फिंगल, साउथ डब्लिन आणि डून लेरी-रॅथडाउन. अर्ज मात्र एकाच ठिकाणी करता येतो. मुलगा जिथे राहतो किंवा जिच्याशी त्याचा स्थानिक संबंध आहे, ती कौन्सिल धरायची. त्या भागात किंवा त्यापासून १५ किलोमीटरच्या आत नोकरी असली तरी तो संबंध मानला जातो. अर्जात जास्तीत जास्त तीन परिसर निवडता येतात.

नुसता पोर्तुगीज पासपोर्ट पुरत नाही. युरोपीय नागरिकाने तिथे नोकरी किंवा धंदा करत असायला हवे. नोकरी सुटली असेल, तर किमान वर्षभर काम करून बेकार म्हणून नोंद केलेली हवी. उत्पन्न निव्वळ मोजतात, म्हणजे प्राप्तिकर, पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) आणि यूएससी (उत्पन्नावरचा आणखी एक कर) वजा जाता हाती येणारे, आणि तेही मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीने. २०२३ पासून एकट्या माणसासाठी मर्यादा अशी : डब्लिन, कॉर्क शहर, गॉलवे शहर, मीथ, किल्डेअर, विकलो इथे ४०,००० युरो, केरी, लिमरिक, वॉटरफर्ड यांसारख्या ठिकाणी ३५,०००, डनिगॉल, मेयो, लीट्रिमकडे ३०,०००. बायको आली की ५ टक्के वाढतात, प्रत्येक मुलामागे अडीच टक्के. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, उत्पन्नात धरत नाहीत. ओव्हरटाइममुळे मर्यादा थोडक्यात ओलांडली जात असेल, तर ते काम तात्पुरते होते असे मालकाचे पत्र जोडावे. असे उत्पन्न वगळण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. पत्र जोडले नाही तर तो वापरण्याचे कारण तिला दिसणार कसे?

अर्ज पूर्ण असेल तर १२ आठवड्यांत निर्णय यायला हवा. त्यानंतरच्या प्रतीक्षेचा आकडा मात्र कोणी सांगू शकत नाही. २०२४ च्या मोजणीत देशभरच्या याद्यांवर ५९,९४१ कुटुंबे होती. त्यांत निम्म्याहून अधिक एकटी माणसे, आणि एका खोलीची घरे तर फार थोडी. मुलगा एकटा आहे म्हणजे लवकर नंबर लागेल, हा आपल्याकडचा हिशेब तिथे उलटा पडतो. डब्लिनमध्ये दहा वर्षे थांबलेली माणसे नवलाची नाहीत.

नाव कापले जाण्याची कारणे मात्र साधी असतात. कौन्सिल मोजणीच्या वेळी पत्र पाठवते, मुलगा मधल्या काळात खोली बदलतो, पत्र जुन्या दारात पडून राहते आणि उत्तर न आल्याने फाइल बंद होते. पत्ता, नोकरी, लग्न, मूल यांतले काहीही बदलले की त्याच आठवड्यात लेखी कळवावे. बारा महिन्यांत दोन रास्त घरे नाकारली तर वर्षभर घर देऊ करत नाहीत, आणि ते वर्ष प्रतीक्षेतही मोजत नाहीत.

जावई कॉर्कला अर्ज भरतो आहे. त्यात देशाबाहेरची मालमत्ताही विचारली आहे. माझे यजमान वारले, पण एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे. जावयाने ‘काही नाही’ लिहिले तर चालेल? (फोंडा)

चालणार नाही. उताऱ्यावर नाव चढले नाही म्हणजे हक्क नाही, असे गोव्याच्या कायद्यात नसते. वारसा मृत्यूच्या क्षणीच उघडतो आणि मुलीचा हिस्सा तेव्हाच तिचा होतो. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, म्हणजे त्या हिश्श्यात जावईही आला. खोटी माहिती देणे तिकडे गुन्हा आहे.

घाबरायचे मात्र कारण नाही. कौन्सिल एवढेच बघते की या कुटुंबाला दुसरे घर आहे का, आणि ते वापरणे किंवा विकून सोय करणे रास्तपणे शक्य आहे का. फोंड्याच्या वडिलोपार्जित घरातली अर्धी खोली कॉर्कमध्ये कामावर जाणाऱ्याच्या काय उपयोगाची? अर्जासोबत एक पानी पत्र जोडावे : हिस्सा अविभाजित आहे, घरात कोण राहते, इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झालेली नाही, उत्पन्न शून्य. उतारा आणि मृत्यूचा दाखला इंग्रजी भाषांतरासह द्यावा. पर्वरीला भाड्याने दिलेला फ्लॅट असेल तर गोष्ट वेगळी. ते भाडे उत्पन्नात धरतात, आणि फ्लॅट विकता येईल का हा प्रश्नही येतोच.

हॅप घेतले तर रांगेतला नंबर जातो का? (डिचोली)

हॅप म्हणजे खासगी घरमालकाचे भाडे कौन्सिल भरते आणि तुम्ही उत्पन्नाप्रमाणे ठरलेली रक्कम कौन्सिलला देता. हॅप सुरू झाले की गरज भागली असे धरतात आणि नाव मुख्य यादीतून निघते. म्हणून ‘ट्रान्सफर यादीत (आधीच सरकारी मदतीने राहणाऱ्यांच्या घर बदलण्याच्या यादीत) नाव घाला आणि आधीची वर्षे धरा’ असे त्याच वेळी लेखी मागावे. हे राहून गेले की पुढे फार रडारड होते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा ३५ टक्क्यांपर्यंत जास्त भाडे मान्य करण्याचा अधिकार कौन्सिलला आहे, पण मागितल्याशिवाय ते मिळत नाही. वरचा फरक तुम्हाला आपल्या खिशातून घरमालकाला द्यावा लागू शकतो, तो आधी विचारून घ्या.

ही घरे बांधायला पैसा कोण देते? पर्वरीच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीसारखी विकत मिळतात का? (म्हापसा)

कौन्सिलच्या बांधकामाचा पैसा मुख्यतः डब्लिनमधल्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्यातून येतो, आणि प्रत्येक प्रकल्पाला तिथली मंजुरी लागते. ‘कौंटीकडे (जिल्ह्याच्या कौन्सिलकडे) जागा आहे, मग घरे का नाहीत’ याचे उत्तर बरेचदा याच कागदपत्रांत अडकलेले असते. क्लूइड, रिस्पॉन्ड, तूआ यांसारख्या ना-नफा गृहसंस्थाही बांधतात. खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत त्यांना सरकारी उचल मिळते, बाकीचे हाउसिंग फायनान्स एजन्सीसारख्यांकडून कर्जाने. खासगी बिल्डरला नव्या परवानगीत सरकारी आणि परवडणाऱ्या घरांसाठी २० टक्के वाटा द्यावा लागतो. घर भाड्याचेच असते. दहा वर्षांनंतर भाडेकरूला कौन्सिलचे घर विकत घेण्याची योजना आहे, पण बिल्डरच्या वाट्यातून आलेली घरे तिच्यात बसत नाहीत.

मुलीला लिमरिकमध्ये कौन्सिलचे घर मिळाले. बाहेरून इन्सुलेशन (भिंतीवर उष्णता राखणारा थर) केले, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारे विजेचे यंत्र) बसवला. तरी बिल वाढले, वर भिंतींवर काळी बुरशी! (पेडणे)

पंप बिघडला नसावा, बहुधा तो गीझरसारखा वापरला जातो आहे. आधीचा गॅस बॉयलर पाणी ६०-७० अंशांवर नेऊन तासाभरात खोली तापवत असे. हीट पंप ३५ ते ४५ अंशांचे पाणी दिवसभर संथपणे फिरवतो. त्या बेतात विजेच्या एका युनिटमागे तीनेक युनिट उष्णता मिळते. सकाळी बंद करून संध्याकाळी एकदम २३ वर लावले की तो धापा टाकत वीज खातो. १९-२० वर सोडून द्यावा, रात्री एखादा अंश कमी, बस्स. रेडिएटर (खोलीतले गरम पाण्याचे पत्रे) हाताला कोमटच लागणार. मग टाकीतला इमर्शन हीटर बघा. पंप बसवणारे कधी तो कायमचा चालू ठेवून जातात, आणि त्याची वीज थेट बिलात दिसते. आठवड्यातून एकदा जंतू मारण्यासाठी पाणी ६० अंशांवर जाते, ते बंद करू नये. थंडीत बाहेरच्या युनिटमधून पांढरी वाफ येते, ती बर्फ वितळण्याची.

बुरशीचे कारण हवा. घराच्या फटी बुजल्या की कपड्यांची, आंघोळीची, फोडणीची वाफ जायची कुठून? थंड वारा येतो म्हणून भिंतीतल्या झरोक्यांत फडके कोंबणे ही आपल्या लोकांची हमखास चूक, आणि दुसरी रेडिएटरवर कपडे वाळत घालणे. धुतलेल्या एका खेपेतून दोनेक लिटर पाणी घरात उतरते. कपडे न्हाणीघरात, दार लावून, पंखा चालू ठेवून वाळवावे. कढी-भात झाकण ठेवून शिजवावा. आर्द्रता मोजायचे स्वस्त यंत्र घ्यावे आणि काटा ६० च्या खाली ठेवावा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर हवे.

एवढे करूनही खिडकीच्या कोपऱ्यातच बुरशी येत असेल तर तिथे इन्सुलेशन तुटलेले असू शकते. फोटो, तारीख आणि आर्द्रतेचे आकडे देऊन कौन्सिलला लेखी कळवा. भाड्याच्या घरांसाठी २०१९ चे नियम आहेत, त्यांत तापवण्याची आणि हवा खेळती ठेवण्याची सोय सक्तीची आहे. एसईएआयच्या (तिथल्या ऊर्जाबचतीच्या सरकारी संस्थेच्या) अनुदानाचा अर्ज मुलीने करू नये. कौन्सिलच्या घरांसाठी सरकारचा वेगळा कार्यक्रम आहे, त्याचे लक्ष्य बीईआर (घराच्या ऊर्जाबचतीची श्रेणी) बी२. खासगी घरमालक मात्र तो अर्ज करू शकतो : इन्सुलेशनसाठी घर २०११ पूर्वीचे हवे, हीट पंपासाठी २००७ पूर्वीचे.

शेवटी एक सूचना. काही पत्रांत बेलफास्ट आणि न्यूरीची नावे आहेत. ती उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात येतात. तिथे हाउसिंग एक्झिक्युटिव्ह ही एकच सरकारी गृहसंस्था आहे आणि घर गुणांवर मिळते. मुलगा कुठल्या बाजूला आहे हे कळत नसेल तर भाडे युरोत देतो की पौंडात, तेवढे विचारा. पौंडात देत असेल तर वरचे घरांचे नियम त्याला लागू नाहीत.